फितुरीचा कागद

(जळकोट, ता. तुळजापूर येथील स्मृती-व्याख्यानमालेत, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या संध्याकाळी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोलापूरहून येताना आज मी नळदुर्गला बोरी नदीपाशी गाडी थांबवली. काठावर थोडा वेळ उभा राहिलो. सोमवार, १३ सप्टेंबर १९४८. पहाटे चारच्या सुमाराला भारतीय फौजा निजामाच्या हद्दीत शिरल्या. नळदुर्गला हैदराबादच्या लष्कराची पहिली इन्फंट्री बसलेली होती. बोरीवरचा पूल त्यांनी वेळेत उडवला असता, तर चिलखती गाड्यांना ऐन पावसाळ्यात नदीच्या अलीकडं ताटकळावं लागलं असतं. हे मी अंदाजानं बोलत नाही. त्याच दिवशी तुळजापूर घेऊन लोहाऱ्याकडं निघालेली दुसरी तुकडी भरलेल्या नदीपाशी खरोखरच अडली. बोरीवरचा पूल मात्र शाबूत हाती आला, शीख पलटणीनं नळदुर्गची ठाणी घेतली आणि सकाळी नऊ वाजता फौज या तुमच्या जळकोटात पोचली. इथून पुढची वाट मोकळी झाली. दुपारी सव्वातीनला उमरगा. शुक्रवारी संध्याकाळी निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली.

लष्करी इतिहासात जळकोटच्या वाट्याला एवढीच एक ओळ आली आहे. त्या ओळीच्या अलीकडं आणि पलीकडं काय होतं, यावर मी आज बोलणार आहे. लढाईच्या आधी बातमी असते. पुलावर पहारा किती, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचं ठाणं कुठं, दारूगोळ्याची गाडी कोणत्या रात्री गेली, हे कुणीतरी कुणालातरी सांगितलेलं असतं. सांगणारा पुष्कळदा त्याच सरकारचं मीठ खात असतो. आणि लढाई संपली की त्या सांगणाऱ्यांचा शोध सुरू होतो. घरभेद्याचा शोध हा आजचा विषय. माझं म्हणणं एका वाक्यात आधीच सांगतो, कारण पुढची सगळी उदाहरणं त्याच्यासाठीच आहेत. घरभेदी शोधायचा तर कागद हवा. कागद नसताना घेतलेला शोध राज्य वाचवत नाही, तो शेजाऱ्याचा जीव घेतो.

आपल्या भाषेत या कामाची नावं पाहा. हेर, जासूद, हरकारा, नजरबाज, बातमीदार, अखबारनवीस. ही कामाची नावं आहेत, त्यांना पगार होता, मान होता. पेशवाईत जासूद जोडीनं धावत आणि जासूदजोडी हा शब्द पत्रांतून पानोपानी येतो. पण फितूर, घरभेद्या, खबऱ्या, अस्तनीतला निखारा हे शब्द उच्चारताच समोरचा माणूस न्यायालयाच्या पायरीवर चढण्याआधीच शिक्षा भोगायला लागतो. इंग्रजी कादंबऱ्यांनी अशा माणसाला ‘मोल’ म्हटलं, म्हणजे जमिनीखाली बिळं करून राहणारा प्राणी. आपण घूस म्हणू. जॉन ल कॅरे या लेखकानं १९७४ साली ब्रिटिश गुप्तहेर खात्यातल्या अशा घुशीवर कादंबरी लिहिली आणि तो शब्द जगभर गेला. त्या कादंबरीमागचा खरा माणूस आपल्याच देशात जन्मला होता. किम फिल्बी, जन्म अंबाला, १९१२, वडील पंजाबात सनदी अधिकारी. किपलिंगच्या कादंबरीतल्या पोरावरून घरात त्याला किम म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या हेरखात्यात चढत गेला आणि १९४४ साली रशियाविरुद्धच्या कामाचा प्रमुख झाला. तोच रशियाचा माणूस होता. १९४५ साली इस्तंबूलमधल्या सोव्हिएत वकिलातीतला वोल्कोव नावाचा अधिकारी इंग्रजांना म्हणाला, तुमच्या सरकारात आमची माणसं आहेत, मी माहिती देतो, मला आसरा द्या. ती फाइल लंडनमध्ये नेमकी फिल्बीच्या टेबलावर गेली. वोल्कोवला मॉस्कोला उचलून नेलं. चोर पकडायचं काम चोराच्याच हाती होतं.

पुढं त्याच्यावर संशय आला, १९५१ साली त्याला खात्यातून बाजूला केलं, पण पुरावा नव्हता. १९५५ साली हॅरोल्ड मॅकमिलन यांनी पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगितलं की त्याच्याविरुद्ध काही सिद्ध होत नाही. जानेवारी १९६३ मध्ये तो बैरूतहून पसार झाला आणि मॉस्कोत १९८८ साली मेला. पुराव्यासाठी थांबलं की असं नुकसान होतं, हे मला ठाऊक आहे, आणि त्याची किंमत माणसांच्या जिवांत मोजावी लागते हेही ठाऊक आहे. तरीही थांबायला हवं, असं मी का म्हणतो, त्यासाठी लंडन सोडून पुण्याला यावं लागेल.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे चुलते राघोबादादा गादीवर बसले. कारभाऱ्यांनी एकी केली, राघोबांना बाजूला सारलं आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाईंच्या पोटी जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावानं दौलतीचा कारभार हाती घेतला. हे बारभाई. त्यांत सगळ्यांत वडीलधारे सखाराम बापू बोकील. पुरंदरजवळच्या हिवऱ्याचे कुलकर्णी, साडेतीन शहाण्यांतले एक पूर्ण शहाणे. नाना फडणिसांना त्या हिशोबात अर्धाच मान होता. राघोबा मुंबईच्या इंग्रजांकडं गेले, मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि इंग्रज-मराठे युद्धाला तोंड लागलं. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला तेव्हा मराठ्यांच्या बाजूनं तो बापू आणि नानांनी केला. म्हणजे शत्रूशी बोलणी करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती, त्यांतले पहिले बापू.

आणि बापूंचं मन राघोबांकडं होतं. थोरल्या माधवरावांच्या काळापासून ते दादांच्या पक्षाचे. नारायणरावांच्या खुनानंतर ते बारभाईंत आले खरे, पण मागचा दरवाजा त्यांनी कधी लावून घेतला नाही. १७७८ च्या सुरुवातीला नानांचे चुलतभाऊ मोरोबा फडणीस उठले. बजाबा पुरंदरे त्यांच्याबरोबर, तुकोजी होळकर त्यांच्या बाजूला आणि आतून बापू. मुंबईकर इंग्रजांना निरोप गेला, दादांना पुण्याला आणा. काही महिने पुणं मोरोबाच्या हाती होतं आणि नानांना पुरंदरचा आसरा घ्यावा लागला. महादजी शिंदे कोल्हापूरकडं होते. ते परत आले, होळकरांना वळवलं आणि जुलै १७७८ मध्ये मोरोबाला धरलं. त्याची रवानगी नगरच्या किल्ल्यात झाली.

इथं थांबून पाहा. नानांना बापूंचा संशय होता. नानांच्या बातमीदारांचं जाळं त्या काळी हिंदुस्थानात नावाजलेलं होतं, पुण्यात कुणाच्या वाड्यात कोण गेलं हे त्यांना कळत असे. मोरोबाच्या कटात बापूंचा हात आहे, हे पुण्यातल्या शहाण्यासुरत्याला दिसत होतं. मोरोबा कैदेत गेला, बजाबा कैदेत गेला, बापू मात्र गेले नाहीत. तहावर त्यांचं नाव होतं, दौलतीत त्यांचा शब्द चालत होता, आणि त्यांच्याविरुद्ध हातात धरून दाखवावं असं काही नव्हतं. नाना त्यांच्याशेजारी मसलतीला बसत राहिले. शत्रूची फौज घाटाच्या पायथ्याशी यायची वेळ, आणि शेजारी बसलेला माणूस कुणाचा हे पक्कं सांगता येत नाही. चित्रपटात दाखवतात तसा थरार त्यात नाही. रोज तेच मुजरे, तेच विडे, तेच कागद, आणि रोज मनात एकच प्रश्न.

त्या हिवाळ्यात मुंबईची फौज राघोबांना घेऊन बोरघाट चढली, सुमारे चार हजार माणसं. मराठ्यांनी समोरासमोर मोठी लढाई दिली नाही. वाटेवरचा चारा जाळला, रसद तोडली, रोज कडेनं चावे घेतले. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपले लोक इष्टूर फाकडा म्हणत. तळेगावला पोचलेल्या फौजेला ना दाणा मिळाला ना कुणी मराठा सरदार सामील झाला. ज्या आमंत्रणाच्या भरवशावर ते आले होते, त्या आमंत्रणामागं माणसंच उरली नव्हती, कारण मोरोबा सहा महिन्यांपूर्वी उचलला गेला होता. फौज मागं फिरली, वडगावला कोंडली गेली आणि १६ जानेवारीला तह करून सुटली. राघोबा महादजींच्या हाती आले.

आणि राघोबांबरोबर बापूंच्या हस्ताक्षरातलं पत्र आलं.

तो कागद मिळाल्यावर मग उशीर झाला नाही. काही आठवड्यांतच बापूंना अटक झाली. आधी सिंहगड, मग प्रतापगड, शेवटी रायगड. १७८१ साली रायगडावरच कैदेत त्यांचा अंत झाला. त्यांची बाजू ऐकायला पंच बसले नाहीत, याचं मला वाईट वाटतं आणि ते लपवत नाही. गडागडांवर फिरवून म्हाताऱ्या माणसाला संपवणं हा न्याय नव्हे. पण त्याच्या अलीकडची जी गोष्ट आहे, ती मला आपल्या इतिहासातली फार मोठी गोष्ट वाटते. युद्ध दाराशी असताना, संशय पक्का असताना, अधिकार हाती असताना, हात लावला तो कागद आल्यावर. बापूंच्या घरावर जमाव गेला नाही. हिवऱ्याच्या बोकिलांची घरं जळाली नाहीत. बापूंशी ज्याचं ज्याचं बोलणं होतं तो तो फितूर, असं कुणी ठरवलं नाही.

याच बोकील घराण्याची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १६५९ साली अफजलखानाच्या स्वारीत शिवाजी महाराजांच्या वतीनं बोलणी करणारे पंताजी गोपीनाथ हेही बोकील, याच हिवऱ्याचे. ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला तेव्हा त्यानं पंताजींना खानाचा वकील ठरवलं आणि महाराजांनी तो फोडला असं लिहिलं. म्हणजे घरभेदी. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि पंताजी महाराजांचेच हेजीब होते, हे मराठी संशोधकांना जुने कागद काढून, वाचून, एकमेकांशी ताडून दाखवावं लागलं. एका पुस्तकानं लावलेला डाग पुसायला पिढ्या गेल्या. एका घराण्यात एकाला कागदानं दोषी ठरवलं आणि दुसऱ्याला कागदानंच सोडवलं.

आता परत आपल्या मुलखात येऊ. नळदुर्ग म्हटलं की उपळ्या बुरूज आणि पाणीमहाल आठवतो, पण त्या किल्ल्यात १८५३ नंतरची काही वर्षं मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी राहत होता. हा मुलूख तेव्हा निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता, १८६० साली परत गेला. टेलरनं त्याआधी, १८३९ साली ठगांवर एक कादंबरी लिहून इंग्लंडात खळबळ उडवली होती. तिचा नायक अमीर अली हा माफीचा साक्षीदार आहे आणि सगळी कादंबरी म्हणजे त्याचा जबाब. ठगांचा बंदोबस्त अशाच साक्षीदारांच्या तोंडी जबाबांवर झाला. १८३६ च्या कायद्यानं तर ठगांच्या टोळीत असणं एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. प्रत्यक्ष कोणता खून केला हे दाखवायची गरज उरली नाही. त्यांत खरे खुनी होते, यात शंका नाही. पण स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणारा माणूस ज्याचं नाव घेईल तो आत, हा कारभार कुठवर जाऊ शकतो याचा विचार त्या कादंबरीच्या वाचकांनी फारसा केला नाही.

हैदराबादच्या सरकारचं शेवटचं वर्ष पाहिलं की मला सगळ्यांत जास्त आठवते ती ऑक्टोबर १९४७ ची एक रात्र. हिंदुस्थान स्वतंत्र झालेला, निजाम सामील व्हायला तयार नाही, दिल्लीशी जैसे थे कराराची बोलणी चालू. छत्तारीचे नवाब पंतप्रधान होते. सर वॉल्टर माँक्टन आणि सर सुलतान अहमद त्यांच्याबरोबर दिल्लीला जाणार होते. निजामाच्या कार्यकारी मंडळानं तीन दिवस खल करून सहा विरुद्ध तीन मतांनी मसुदा मान्य केला. निजामानं होकार दिला, सही उद्यावर टाकली. आणि २७ ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमाराला छत्तारी, माँक्टन आणि सुलतान अहमद यांच्या घरांना रझाकारांच्या मागं असलेल्या इत्तेहाद या संघटनेच्या हजारोंच्या जमावानं वेढा घातला. त्यांना विमानतळावर जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. बंद दाराआड ठरलेली गोष्ट, निघायची वेळ, घरं, सगळं इत्तेहादचा पुढारी कासीम रझवी याच्या माणसांना ठाऊक होतं.

हा खरा घरभेद होता. सरकारच्या अगदी आतल्या खोलीतून बातमी बाहेर गेली आणि एका रात्रीत राज्याची सूत्रं लातूरच्या एका वकिलाच्या हाती गेली. त्याचा शोध कुणी घेतला? कुणीच नाही. छत्तारींनी राजीनामा दिला. नवं शिष्टमंडळ नेमलं, त्यात विरोधात मत देणाऱ्या तिघांतले मोईन नवाज जंग आणि अब्दुर रहीम हेच होते. महिन्याभरानं, २९ नोव्हेंबरला, जवळजवळ तोच मसुदा सही झाला. मधल्या महिन्यात बदललं ते एवढंच, की निजामाच्या सरकारात आता कोण कुणाला घाबरतं हे सगळ्या राज्याला कळलं. त्याच सरकारनं पुढं सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाकडून कराचीहून रात्रीची विमानं मागवली. हा कॉटन महायुद्धाच्या तोंडावर विमानात कॅमेरे दडवून जर्मनीच्या ठाण्यांचे फोटो काढणारा माणूस. त्याची हत्यारं भरलेली विमानं बीदर आणि वरंगळला उतरत. दिल्लीला त्याची बातमी होती. आकाशातून हेर मागवणाऱ्या राजवटीनं आपल्या तहसिलीतल्या, नाक्यावरच्या, शाळेतल्या माणसाचं मन कधी पाहिलं नाही.

ती माणसं बोलत होती. सोलापूर आणि बार्शीच्या बाजूला, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर, स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेवर लोक बाहेर पडले होते, या जिल्ह्यातले फुलचंद गांधी यांच्यासारखे पुढारी त्यात होते. पटवाऱ्यांनी राजीनामे दिले, लेव्हीची दप्तरं जाळली, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके फोडले. हे उघड होतं. त्याखाली न दिसणारं दुसरं काम चालू होतं, गावोगावहून छावणीपर्यंत येणाऱ्या बातम्यांचं. बाजाराच्या दिवशी, नातेवाइकाच्या मयताला, देवीच्या दर्शनाला म्हणून हद्द ओलांडणारं माणूस बातमी घेऊन जाई.

निजामाच्या कायद्यानं ही माणसं फितूर होती. मी त्यांना फितूर म्हणत नाही, आणि का म्हणत नाही ते सांगायला हवं, नाहीतर ‘आपला तो बातमीदार आणि दुसऱ्याचा तो घरभेदी’ असा दुटप्पीपणा होईल. बापूंनी दोन्ही बाजूंना हात ठेवला होता. दादा आले तरी कारभार आपला, नाना राहिले तरी आपला. हद्द ओलांडणाऱ्या बाईच्या किंवा पटवाऱ्याच्या दोन्ही बाजूंना मरण होतं, आणि ते बातमी देत होते ती आपल्या गावावर येणारा हल्ला टळावा म्हणून. बातमीनं कोण वाचणार होतं, हे पाहावं. बापूंच्या पत्रानं बापू वाचणार होते.

याच सरकारच्या आतून, पाठीमागून न बोलता तोंडावर बोलणारेही होते, त्यांचं नाव आज इथं घेतलंच पाहिजे. जे. व्ही. जोशी मंत्री होते. परभणी-नांदेडकडचे अत्याचार डोळ्यांनी पाहून आले आणि राजीनामा देऊन बाहेर पडले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या सात मुसलमान गृहस्थांनी, त्यांत निवृत्त सरकारी अधिकारी होते, उघड पत्रक काढलं की रझाकार आवरा आणि हिंदुस्थानात सामील व्हा. शोएबुल्ला खान या तरुण संपादकानं ‘इमरोज’मधून तीच भूमिका मांडली. रझाकारांच्या लेखी हे सगळे गद्दार. २१ ऑगस्टच्या रात्री घरी जाताना शोएबुल्लाला गोळ्या घातल्या आणि ज्या हातानं तो लिहीत होता तो हात तोडला. त्याच्याविरुद्ध कागद होता असं रझाकार म्हणाले असते. हो, होता. त्याच्याच सहीनं छापलेला, रोज सकाळी विकला जाणारा. घरभेदी अंधारात लिहितो. शोएबुल्ला दिवसाउजेडी नाव घालून लिहीत होता.

आता जे सांगणार आहे ते या व्यासपीठावरून, या जिल्ह्यात, सांगायला मला जड जातं. पण ज्या दिवसाच्या स्मरणासाठी आपण जमलो त्या दिवसाच्या पुढचे आठवडेही आपलेच आहेत. सप्टेंबर १९४८ ची ती लष्करी कारवाई, म्हणजे पोलीस ॲक्शन, संपली. रझाकारांनी वर्षभर जाळलेल्या, लुटलेल्या गावांत राग साठलेला होता, तो खरा होता आणि त्याला कारण होतं. मग शोध सुरू झाला. रझाकार कोण, त्यांचा खबऱ्या कोण, त्यांना घर दाखवलं कुणी. त्या शोधाला कागद नव्हता. नाव आणि धर्म पुरेसा झाला. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीला चौकशीला पाठवलं. तिनं मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे म्हणून चार नावं लिहिली: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. पहिलं नाव आपलं आहे. तो अहवाल पासष्ट वर्षांनी, २०१३ साली लोकांना वाचायला मिळाला. त्यात असंही नोंदलं आहे की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन मुसलमान कुटुंबं वाचवली. वर्षभरापूर्वी छावणीला बातमी पोचवणाऱ्यांना जे धैर्य लागलं, तेच या शेजाऱ्यांना लागलं, असं मला वाटतं.

माझं गाव हद्दीवरचं. लहानपणी आमच्या वेशीजवळ एक म्हातारा राहायचा, निजामाच्या काळात तो करोडगिरीच्या नाक्यावर शिपाई होता. गाव त्याला खबऱ्या म्हणे. तोंडावर नव्हे, पण तो गेला की म्हणे. आम्ही पोरं त्याच्या दारावरून पळत जायचो. माझ्या आजीला मी एकदा विचारलं, त्यानं काय सांगितलं होतं, कुणाला सांगितलं होतं? आजी म्हणाली, “कुणास ठाऊक रे बाबा, सगळे म्हणतात.” तो वारला तेव्हा खांदा द्यायला घरचेच चौघे होते. पुढं मी इतिहास शिकवू लागलो, जुने कागद वाचतो हे गावभर झालं, तेव्हा त्याची मुलगी एकदा आमच्या घरी आली. चहा घेतला नाही. म्हणाली, “गुरुजी, माझ्या बापाचं कुठं काही लिहून ठेवलंय का? चांगलं असो, वाईट असो, असंल तर सांगा.” मी शोधलं. त्याचं नाव कुठंच नव्हतं. ना रझाकारांच्या बाजूनं, ना छावणीच्या. सगळं आयुष्य एक शब्द त्याच्या दारावर लटकत राहिला आणि त्या शब्दाला आधार म्हणून दाखवावा असा एक चिठोराही नव्हता. ती बाई आता नाही. तिला मी परत काय सांगणार होतो, याचा विचार मला अजून सुटत नाही.

फिल्बीसारखा एखादा सुटेल, तरीही मी पुराव्यासाठी थांबा म्हणतो. राज्याच्या गुपितांचं रक्षण झालं पाहिजे, त्यासाठी कायदा आहे, तपास आहे, न्यायालय आहे, आणि गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षाही कडक हवी. पण ते काम कचेरीत आणि कोर्टात होऊ द्या. चावडीवर, पारावर आणि आता हातातल्या मोबाइलवर ‘हा फितूर, ती गद्दार’ असे निकाल लागतात, तेव्हा त्या प्रत्येक निकालाखाली मला वेशीजवळचं ते दार दिसतं.

जळकोटकरांना माझी एक विनंती आहे. १३ सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता इथं फौज आली तेव्हा जे पोर दहा वर्षांचं होतं, ते आज पंच्याऐंशीच्या पुढं आहे. अशी माणसं या गावात, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर, उमरग्याला, नळदुर्गला अजून आहेत, पण थोडी. त्यांच्याजवळ या आठवड्यात जाऊन बसा. वही घेऊन जा. छावणीला बातमी कोण नेत होतं, हे विचारा. ॲक्शननंतर कुणाचं घर गेलं, कुणी कुणाला धान्याच्या कोठारात लपवलं, हेही विचारा. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत जा. नाव, गाव, महिना, जागा, सांगणाऱ्याचं नाव आणि ऐकल्याची तारीख लिहा. सांगणाऱ्यानं स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं, तेही शेजारी लिहा. ती वही वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षी ही व्याख्यानमाला भरेल तेव्हा वक्ता कुणीही असो, आधी ती वही वाचली जावी.